कलियुग कोणाचं? येणाऱ्या एका गेमच्या निमित्ताने

त्या दिवशी संध्याकाळी मी मारेगावच्या आमच्या अभ्यासिकेत गेले तेव्हा पुस्तकं उघडी होती आणि पाच जणांची डोकी एका मोबाईलवर होती. पोलीस भरतीचं गाईड, बारावीचं जीवशास्त्र, चालू घडामोडी, सगळ्यांची पानं पंख्याच्या वाऱ्यानं उलटत होती. मला राग आला. "वर्गणी करून लाईटबिल भरतो आपण, ते यासाठी का?" असं मी बोलून गेले. त्यातला एक जण दबकत म्हणाला, "ताई, गेम नाही खेळून राहिलो जी. राजीचा दुसरा भाग येऊन राहिला, त्यात काय काय असन ते पाहून राहिलो."

म्हणजे पोरं गेम खेळत नव्हती, अंदाज बांधत होती. एका वहीत त्यांनी रीतसर यादीच केली होती: राजी आता मोठी झाली असेल का, नवीन हत्यार कोणतं मिळेल, कोणता देव येईल, शेवटचा राक्षस कोण असेल. समोर कोणी मोबाईलवर व्हिडिओ एकेक सेकंद थांबवून पाहत होतं आणि दुसरा लिहून घेत होता. इतक्या बारकाईनं यांनी राज्यघटनेचं एक कलम तरी वाचलं असतं तर, असा विचार माझ्या मनात आला. पण वही चाळताना माझा राग ओसरला आणि त्याच्या जागी एक प्रश्न आला. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा साहसी गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं बनवला. २०१७ साली त्यांनी लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी काम सोडलं नाही आणि २०२० मध्ये गेम आला. त्याच वर्षी जगातल्या मोठ्या गेम पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. महाराष्ट्रातल्या मोजक्या माणसांनी हे केलं, याचं कौतुक केलंच पाहिजे. २०२५ मध्ये त्यांनी पुढचा गेम जाहीर केला. त्याचं नाव 'राजी: कलियुग'.

गेम येण्याआधी त्यावर तर्क लढवणं ही जगभरची गोष्ट आहे. जीटीए सिक्सच्या बाबतीत तर लोकांनी चंद्राच्या कला पाहून तारखा काढल्या. आमच्या पोरांचं वेगळेपण एवढंच, की यातल्या बहुतेकांना हा गेम हातात मिळणारच नाही. असे गेम चांगल्या कॉम्प्युटरवर किंवा कन्सोलवर चालतात. कन्सोलची किंमत पन्नास हजारांच्या वर. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल ठरला. म्हणजे एका कन्सोलसाठी सहा-सात क्विंटल कापूस, तोही पूर्ण हमीभाव मिळाला तर. आमच्या भागात तो कसा मिळतो हे मी सांगायला नको. पहिला भाग पोरांनी यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहिला. दुसराही तसाच पाहतील. त्यांच्या वाट्याला गेमचा जो भाग फुकट येतो तो म्हणजे अंदाज. तोही मी हिसकावून घेणार होते.

वहीत एका ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. "कलियुग म्हणजे सगळं वाईट, म्हणून कल्की येणार." मी विचारलं, "कलियुग म्हणजे काय रे?" एक जण म्हणाला, "म्हणजे आताचा काळ ना जी. पाप वाढलं तो." बुद्धवंदना तोंडपाठ असलेला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असणारा पोरगा हे बोलत होता. कोणी शिकवलं? कोणीच नाही. सिरीयलनं, सिनेमानं, मोबाईलनं, शेजाऱ्यानं. संस्कृती अशीच येते. ती कोणी शिकवायला बसत नाही.

मित्रांनो, कलियुगाचं वर्णन पुराणात काय आहे ते एकदा शांतपणे वाचा. विष्णुपुराण सांगतं की या युगात वर्णाश्रमधर्म कोसळेल, वेदांचे विधी बंद पडतील, शूद्र वरच्यांची कामं आणि त्यांचा मान घेतील. ही त्यांच्या दृष्टीनं संकटाची यादी आहे. आता आपली यादी मांडा. १८४८ ला पुण्यात जोतिराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा काढली. २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची धम्मदीक्षा. पुराणाच्या हिशेबानं हे सगळं कलियुगात घडलं, आणि पुराणाच्या हिशेबानं हेच तर कलियुगाचं लक्षण आहे. ज्याला ते अधःपतन म्हणतात, ती आपल्या आजीची शाळा आहे, आपल्या बापाची नोकरी आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न केव्हाच हातात घेतला होता. 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये कलियुगावर एक स्वतंत्र कोडं आहे: ब्राह्मणांनी कलियुग न संपणारं का केलं? बाबासाहेब आकडेमोड तपासतात. मुळात बाराशे वर्षांचं असलेलं युग. ते संपायला आलं तेव्हा वर्षं माणसांची नसून देवांची आहेत असं सांगितलं गेलं. देवांचं एक वर्ष म्हणजे माणसांची ३६० वर्षं. बाराशे गुणिले ३६०, झाले ४,३२,०००. कलियुग लांबलं. हे पुस्तक महाराष्ट्र शासनानं १९८७ मध्ये छापलं तेव्हा किती गदारोळ झाला, आणि त्याच्या बाजूनं आपली किती माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली, हे आपल्या घरातली मोठी माणसं सांगतील. आपण त्या पुस्तकासाठी मोर्चे काढले. ते वाचलं किती जणांनी?

मी पोरांना तो गुणाकार करायला लावला. चालू घडामोडीचं पुस्तक बाजूला ठेवून एकानं तो केला. मग म्हणाला, "ताई, हे तं तारीख पुढं ढकलणं झालं. जीटीएवाले ढकलून राहिले तसं." सगळे हसले, मीही हसले. पण कोडं त्याला नेमकं समजलं होतं.

मग कल्कीचा अंदाज. २०२४ च्या सिनेमानंतर कल्की हे नाव पोरांच्या तोंडी बसलं आहे. पांढरा घोडा, तलवार, दुष्टांचा नाश. कोण दुष्ट? कल्किपुराणात कल्की सैन्य घेऊन कीकटपुरावर चालून जातो. ते नगर बौद्धांचं आहे असं ते पुराणच सांगतं. तिथं युद्ध होतं आणि बौद्धांचा पराभव होतो. हे मी सांगितलं तेव्हा अभ्यासिकेत थोडा वेळ कोणी बोललं नाही. 'राजी: कलियुग'मध्ये कल्की आहे की नाही हे मला माहीत नाही आणि नसलेल्या गोष्टीचा आरोप मी त्या कंपनीवर करणार नाही. मी बोलते आहे ते आमच्या पोरांच्या अंदाजाबद्दल. ज्या नायकाची ते आतुरतेनं वाट पाहत होते, त्याच्या मूळ कथेत समोरच्या बाजूला त्यांचेच पूर्वज उभे होते. आणि त्यांना हे माहीत नव्हतं.

आमच्या अभ्यासिकेत एक गोंड पोरगाही येतो. कमी बोलतो. त्यानं विचारलं, "ताई, राक्षसाच्या बाजूनं खेळता येते का?" त्याच्या घरी रावणाला जाळलेलं चालत नाही. पहिल्या 'राजी'त खलनायकाचं नाव महाबलासुर आहे. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात, राजीचा भाऊ गोलू पळवला जातो, दुर्गा आणि विष्णू राजीला शस्त्रं देतात. असुर का आले, त्यांचं म्हणणं काय, हे विचारायला गेममध्ये बटण नाही. महाबलासुर म्हणजे बळीराजा नव्हे, हे मलाही कळतं. पण ज्या मातीत बाया दिवाळीला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात आणि ज्या मातीत जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीला न्यायी राजा म्हणून उभं केलं, तिथं 'असुर' म्हटल्याबरोबर मारायचं एवढंच शिकवणं अपुरं आहे. झारखंडमध्ये असुर नावाची आदिवासी जमात आजही आहे. लोखंड वितळवण्याची त्यांची जुनी कला आहे आणि त्यांच्यातले काही जण महिषासुराला आपला पूर्वज मानतात. त्यांच्या पोरानं हा खेळ हातात घेतला तर तो कोणावर वार करेल?

एका मुलीनं त्याहून साधी गोष्ट पकडली. "ताई, राजी तं सर्कशीतली आहे ना? दोरीवर चालते, उड्या मारते. आपल्याकडे हे डोंबारी करते." खरं आहे. राजीची सगळी ताकद तिच्या कसरतीत आहे. ही कसरत आपल्या गावात रस्त्याच्या कडेला ढोल वाजवून कोण दाखवतं? डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ, आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीतली माणसं. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कित्येक भटक्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का १९५२ ला कागदावरून गेला, पोलिसाच्या नजरेतून अजून गेला नाही. गेममध्ये तिच्या कलेला टाळ्या आहेत, जात नाही. तिला अन्न कोणी दिलं, पालात राहिली की वाड्यात, हे कोणी विचारत नाही. त्या मुलीनं वहीत आपला अंदाज लिहिला: "राजी पालावरची आहे." यूट्यूबच्या एकाही व्हिडिओत मला हा अंदाज दिसला नाही.

यावर दोन आक्षेप येतील, मला ते तोंडावर ऐकवले गेले आहेत. पहिला: ताई, गेम आहे, गेमसारखा घ्या. मी घेतला असता. पण मागच्या वर्षी याच पोरांपैकी एकानं एका ऑनलाइन खेळात आपल्या नावापुढे 'जय भीम' लावलं. खेळ सुरू होताच समोरच्या अनोळखी आवाजांनी त्याला जातीवरून शिव्या दिल्या. त्यानं रात्रीच नाव बदललं आणि मला दोन महिन्यांनी सांगितलं. खेळ जर नुसता खेळ असता तर जात मैदानाबाहेर राहिली असती.

दुसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा: मग बहिष्कार टाका, पोरांना हे दाखवूच नका. हे मला पटत नाही. बाबासाहेबांनी पुराणं जाळून टाका एवढंच सांगितलं नाही, ती बसून वाचली. श्लोक, वंशावळी, तारखा, आकडे तपासले आणि प्रश्न विचारले. आमची पोरं एक मिनिटाचा व्हिडिओ ज्या चिकाटीनं थांबवून पाहतात, ती चिकाटी हीच. फक्त प्रश्न त्यांना दुसऱ्यांनी दिलेले आहेत: कोणता देव, कोणतं शस्त्र. आपण प्रश्न बदलून दिले पाहिजेत: शत्रू कोणाला केलं, का केलं, आणि गोष्ट सांगतंय कोण.

आणि एक दिवस गोष्टही आपणच सांगितली पाहिजे. अलास्कातल्या इनुपियात या आदिवासी लोकांनी २०१४ साली 'नेव्हर अलोन' नावाचा गेम आणला. त्यांच्या आदिवासी संस्थेनं त्यात पैसा घातला, म्हाताऱ्यांनी कथा सांगितल्या आणि गेममधला निवेदक त्यांच्याच भाषेत बोलतो. बर्फ, कोल्हा आणि एक लहान मुलगी, एवढ्यावर त्यांनी जगाला आपलं जगणं दाखवलं. आपल्याकडे महाड आहे, बिगारी सोडून शाळेत गेलेली आजी आहे, रात्रीत पाल उचलणारी राजी आहे. गोडोसारखी गेम बनवायची साधनं फुकट मिळतात. कॉम्प्युटर मात्र फुकट मिळत नाही. विहारासाठी वर्गणी करताना घुमट आणि मूर्तीसोबत एका चांगल्या कॉम्प्युटरचा विचार करा, एवढंच माझं गावोगावच्या समित्यांना सांगणं आहे.

त्या रात्री अभ्यासिका बंद करताना वही माझ्याकडे आली. कल्कीच्या ओळीवर कोणीतरी काट मारली होती. खाली वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं: "कलियुग संपलं तर आपल्या शाळेचं काय होईल?" गोंड पोराचा प्रश्न तसाच होता, त्याला उत्तर नव्हतं. मी वही परत कपाटात ठेवली. गेम यायचा तेव्हा येईल. दुसऱ्या दिवसापासून आठवड्यातली एक संध्याकाळ आम्ही 'रिडल्स' वाचायला ठेवली आहे, आणि मोबाईल बंद करायला मी सांगितलेलं नाही.

जय भीम.