छिद्रे झाकणारी बोटे

सिगारेटच्या फिल्टरभोवतीचा कागद सोलून उजेडासमोर धरला, तर त्यावर सूक्ष्म छिद्रांची एक ओळ दिसते. ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. नेदरलँड्समध्ये मात्र या छिद्रांमुळे अशा सिगारेटला 'शूमलसिगारेट', म्हणजे लबाड सिगारेट, असे नाव पडले आहे.

लबाडी अशी. युरोपीय कायद्यानुसार एका सिगारेटच्या धुरात डांबर 10 मिलिग्रॅम, निकोटिन 1 मिलिग्रॅम आणि कार्बन मोनॉक्साइड 10 मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक असता कामा नये. मोजमाप यंत्र करते. ते मिनिटाला एक, 35 मिलिलीटरचा झुरका घेते. छिद्रे उघडी राहतात, त्यांतून हवा शिरते आणि धूर पातळ होतो. माणसाची बोटे आणि ओठ नेमके त्याच छिद्रांवर टेकतात. शिवाय निकोटिन कमी पडले की तो खोल आणि भराभर ओढतो. 2018 साली आरआयव्हीएम या डच सार्वजनिक आरोग्य संस्थेने 100 प्रकारच्या सिगारेटी छिद्रे बंद करून, मोठे झुरके घेऊन तपासल्या. एक वगळता सर्वांनी मर्यादा ओलांडली. डांबराचे प्रमाण किमान दुप्पट, तर काहींत वीसपटीहून अधिक निघाले. आम्ही संगणकाच्या व्यवसायातले. चाचणीत उत्तीर्ण आणि प्रत्यक्ष वापरात नापास, असे काम आमच्या हातून बाहेर पडले तर रात्री फोन वाजतो.

गेल्या उन्हाळ्यात कामठीहून आमचे काका दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. चाळीस वर्षे बिडी ओढलेला माणूस. कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आपल्या असंख्य कुटुंबांची चूल बिडीवरच पेटली आहे. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. कामठीचेच, आणि बिडी मजुरांची संघटना उभारणारेही तेच. 1939 साली, अवघ्या 35 व्या वर्षी, त्यांना क्षयाने नेले. आमच्या आजीने मांडीवर सूप घेऊन वर्षानुवर्षे बिड्या वळल्या, आणि त्याच पैशांतून काकांची व बाबांची शाळा झाली. त्यामुळे तंबाखूवर काकांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला आहे, असे आम्हांला कधी वाटले नाही. इथे बिडी मिळेना, तेव्हा त्यांनी फिल्टरची सिगारेट धरली. आमच्या अरुंद, उभ्या डच जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभे राहत आणि म्हणत, "बाबू, हे फिल्टरवालं हलकं असते. हे लागत नाही."

न लागणाऱ्या त्या धुराचा प्रवास पाहू. श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींवर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते अखंड हलत राहून धूळ, जंतू आणि कफ घशाकडे ढकलतात. धुरातील ॲक्रोलिनसारखी द्रव्ये या तंतूंना आधी मंदावतात, मग नष्ट करतात. कालांतराने तिथे तंतू नसलेल्या चपट्या पेशी येतात. केर काढणारे कुणी उरत नाही. ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला म्हणजे फुफ्फुसाने स्वतः उठून केलेले झाडकाम.

खाली वायुकोष असतात. धूर तिथे पोचला की संरक्षणासाठी पांढऱ्या पेशी धावून येतात आणि प्रथिने विरघळवणारी द्रव्ये सोडतात. एरवी या द्रव्यांना आवर घालणारे एक प्रथिन शरीरात असते. धूर नेमके तेच निकामी करतो. मग रक्षणासाठी आलेल्या पेशीच वायुकोषांच्या लवचीक भिंती खातात. अनेक लहान कोष मिळून एक सैल पोकळी होते, आणि ती भिंत पुन्हा उभी राहत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी काकांना सांगितलेला 'एम्फिसेमा' तो हाच.

धुरातील बेंझोपायरीन तर पेशीच्या डीएनएलाच चिकटते. 2016 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा हिशेब असा, की रोज एक पाकीट याप्रमाणे वर्षभर ओढल्यास फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 बदल साचतात. त्यांतील बरेचसे निरुपद्रवी असतात. एखादा कर्करोगाकडे नेणारा असतो, आणि तो कोणता हे आधी कळत नाही.

हृदयाचे गणित आणखी निष्ठुर आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्टपणे धरतो. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतात. धुराने ते घटते. अस्तर खरखरीत होते, प्लेटलेट्स चिकट होतात, आणि भिंतीत शिरलेली चरबी गिळून फुगलेल्या पेशींचा थर साचतो. यासाठी फार धूर लागत नाही. 'बीएमजे'तील 2018 च्या आढाव्यानुसार दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्यालाही वीस ओढणाऱ्याच्या वाढीव हृदयधोक्यापैकी जवळपास निम्मा धोका येतो. "फक्त शनिवारी, मित्रांसोबत" म्हणणाऱ्या आमच्या पिढीने हा आकडा पाहावा. 'इंटरहार्ट' या 2004 च्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यवर्ती वय 53 होते. इतरांचे 59 च्या आसपास.

लबाड सिगारेटीविरुद्ध येथील फुफ्फुसतज्ज्ञ वांडा डी कांटर आणि पॉलिन डेकर यांची युवक धूम्रपान-प्रतिबंध संस्था न्यायालयात गेली. फेब्रुवारी 2022 मध्ये युरोपीय न्यायालयाने जे सांगितले ते संविधानाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या वाचकांना विशेष रुचेल. ज्या मापनपद्धतीवर कायदा उभा आहे, ती अधिकृत राजपत्रात प्रसिद्धच झालेली नव्हती. म्हणून ती सर्वसामान्य नागरिकांवर बंधनकारक मानता येत नाही. त्याच नोव्हेंबरात रॉटरडॅमच्या न्यायालयाने संस्थेची बाजू उचलून धरली. लढा त्यापुढेही चालूच राहिला.

काकांना आम्ही न्यायालयाची कथा सांगितली नाही. एक सिगारेट मागून घेतली, कागद सोलला आणि खिडकीशी धरला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग स्वतःची बोटे त्या जागी ठेवून पाहिली. "आजीच्या बिडीले तं भोकंच नोती," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना 2020 साली 'नेचर'मध्ये आलेला एक निष्कर्ष वाचून दाखवला. सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत 40 टक्क्यांपर्यंत पेशी जवळजवळ निरोगी, कधी धूर न पाहिल्यासारख्या आढळल्या; ओढत राहणाऱ्यांच्या चौपट. तुटलेले वायुकोष परतत नाहीत, हेही सांगितले. काका म्हणाले, "म्हणजे अस्तर सुधरते, भिंत नाही." बांधकामावर आयुष्य घालवलेल्या माणसाला आणखी समजावण्याची गरज नव्हती.

इथे राहणाऱ्या बांधवांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सिगारेट सोडण्याच्या मार्गदर्शनाचा खर्च मूलभूत आरोग्य विम्यात बसतो, आणि 2020 पासून त्याला 'एयखन रिसिको' लागत नाही. सुरुवात हाउसआर्त्सपासून करता येते.