शून्यापासून की एकापासून

उजवा हात थरथरायला लागल्यापासून मी सांगतो आणि एक विद्यार्थिनी लिहून घेते. घातांकावर घातांक चढवताना वरचा आकडा बारीक हवा. माझे आता सगळे एका रांगेत बसतात. मोठ्या संख्या लिहायचे कनूथचे १९७६चे बाण मुळात एका ओळीत मावतात, तेवढाच दिलासा.

लिहिता लिहिता ती थांबली. "सर, ओमेगाची न-वी पायरी न, की न अधिक एक?" माझा हात आपोआप 'न' लिहायचा.

प्रश्न क्षुल्लक नाही. ओमेगाला, म्हणजे सगळ्या सांत आकड्यांनंतरच्या पहिल्या ऑर्डिनलला, लगतची मागची पायरीच नाही. खाली कुठे उतरायचं ते आपण ठरवायचं, आणि वर वर जाणारी कुठलीही सीक्वेन्स चालते. तिथे लबाडी करून झपाट्याने वाढणाऱ्या फंक्शनांच्या शिडीतलं ओमेगा-अधिक-एकचं नेहमीचं फंक्शनच घुसवलं, तर बिचारी ओमेगाची पायरी त्या ओमेगा-अधिक-एकलाही मागे टाकते. आणि त्या फंक्शनमध्ये ६४ घातले तरी ग्रॅहमची संख्या मागे पडते! लगतच्या दोन पायऱ्यांमधल्या लिमिट ऑर्डिनलांवरची बाखमनची अट लावून पाहा, ती ओमेगावर काहीच अडवत नाही, कारण सांत आकड्यांच्या मध्ये लिमिट ऑर्डिनल येतंच कुठे? पायऱ्यांची वेनरची निवड बहुतेक जण घेतात, कारण ती शहाणी दिसते. शहाणी म्हणजे नेमकी कशी, हे सगळीकडे लागू पडेल असं मला आजवर लिहिता आलेलं नाही. अर्धं आयुष्य यात गेलं, आणि अजूनही रात्री उठून मी हाच कागद काढतो.

मोठ्या संख्या रचणाऱ्या हल्लीच्या हौशी मंडळींना हे दिसत नाही. ग्रॅहमची संख्या घ्यायची, तिच्यावर बाण, त्यावर ट्री फंक्शन, वर फॅक्टोरियल. ही कोशिंबीर झाली. २००७मध्ये एमआयटीत रायो आणि एल्गा या तत्त्वज्ञांची मोठ्यात मोठी संख्या सांगायची चढाओढ झाली. रायोने ती जिंकली ते लॉजिकची भाषा वापरून. चतुर होतं, मान्य. पण तिच्यामागचं फंक्शन कुठलाच प्रोग्रॅम काढून देणार नाही. माझ्यासारख्या पायऱ्या उतरणाऱ्याला तिथे कामच नाही. मला गुडस्टीनची मालिका आवडते: दर पायरीला पाया एकाने वाढवायचा आणि एक वजा करायचा. ४ पासून सुरू करा, ती शून्यावर येते खरी, पण त्याला लागणाऱ्या पायऱ्यांची संख्याच बारा कोटींहून जास्त अंकांची. कोणी मोठेपणा मिरवायला बसलं नव्हतं. मालिकेतून ते आपोआप निघालं. आमच्या भास्कराचार्यांची लीलावतीतली नावं परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी, थांबतात. त्यांना पुढे जाता आलं नसतं असं मला वाटत नाही. थांबावंसं वाटलं, हे जास्त मोठं.

मला मात्र थांबवलं नाही. ओमेगावर ओमेगाचे घातांक अखंड चढवत गेल्यावर येणाऱ्या एप्सिलॉन-शून्याच्या खालच्या पायऱ्यांसाठी मी स्वतःच्या आद्याक्षराचं चिन्ह केलं, दुसऱ्यांच्या लेखांत ते शोधत बसलो, आणि नाही सापडलं तेव्हा त्या लेखकांची निवड मला अडाणी वाटू लागली. वाटते अजून.

एप्सिलॉन-शून्याची पहिली पायरी कोणी शून्य धरतो, कोणी एक, कोणी ओमेगा. पोरगी एक धरते. "सर, तुमचं चिन्ह ठेवते, पण सुरुवात माझी," म्हणाली. चिन्ह राहतंय म्हटल्यावर मी विरघळलो होतो. पण शून्य सोडणार नाही. उद्या ती तिची यादी घेऊन येणार आहे. भांडायची तयारी करून ठेवली आहे.