एका प्रत्ययाचे अंतर

मराठीत समोरच्याशी बोलायचे तर आधी त्याची पायरी ठरवावी लागते, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. सर्वनाम गाळले तरी क्रियापद ती पायरी उघड करते. २०१८च्या डिसेंबरात, पुण्याहून मुंबईच्या विमानतळाकडे जाताना, हा धडा आम्हालाच गिरवावा लागला.

कोलकात्याच्या एका चर्चासत्रासाठी आम्हा दोघांना सकाळी सहा वीसचे विमान गाठायचे होते. भाड्याच्या गाडीच्या कार्यालयाला 'सहार, टर्मिनल दोन' असे फोनवर दोनदा बजावले होते. रात्री एकची गाडी आली एक पन्नासला. टोल भाड्यात धरलेला असूनही पहिल्याच नाक्यावर चालकाने पैसे मागितले. कार्यालयात फोन कोणी उचलेना. बोरघाटात त्याची मान दोनदा कलली. घाट उतरल्यावर आम्ही त्याला चहा पाजला, तेव्हा कळले, की आदल्या सकाळपासून तो नाशिकची फेरी करून आला होता आणि मध्ये झोप अशी झालीच नव्हती.

पाच दहाला गाडी थांबली ती सांताक्रूझच्या टर्मिनलपुढे. सहारचे नवे टर्मिनल २०१४ साली सुरू झाले आणि पुढे देशांतर्गत विमानेही तेथून सुटू लागली. चालकाच्या मोबाइलवर मात्र कार्यालयाने 'मुंबई विमानतळ, देशांतर्गत' एवढेच पाठवले होते. आणि देशांतर्गत म्हणजे सांताक्रूझ, हे जुने समीकरण त्याच्या डोक्यात पक्के होते.

"कुठे आणलंस आम्हाला?"

घाटापर्यंत 'जरा हळू घ्या', 'चहा घ्या' म्हणणारे आम्हीच. 'आणलंत'मधला 'त' गेला आणि 'स' आला. आमच्यापैकी कोण बोलले हे गौण आहे. दुसऱ्याने दुरुस्ती केली नाही. तो मात्र "सर, तुम्ही बसा, पोचवतो," असेच म्हणत राहिला. त्याने पोचवलेही, पण तोवर काउंटर बंद झाले होते.

परतल्यावर आम्ही तक्रार केली, भाडे परत मागितले. उत्तर आले : 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. संबंधित चालकावर कारवाई करण्यात आली आहे.' दोन्ही वाक्यांत कर्ता नव्हता. उशीर कोणी केला, अपुरा निरोप कोणी धाडला, न झोपलेल्या माणसाला पुन्हा रात्रीच्या फेरीवर कोणी पाठवले, या साऱ्यांतून कार्यालय अलगद निसटले होते. उरला होता एक चालक.

कार्यालयाच्या व्याकरणावर आम्ही चिडलो, आणि मग आपलीच तक्रार काढून पुन्हा वाचली. तिच्यात उशीर होता, टोल होता, चुकलेले टर्मिनल होते, 'चालक पेंगत होता' हेही होते. नाशिकची फेरी नव्हती. ती कळवणारे दुसरे पत्र आम्ही पाठवले. त्याला उत्तर आले नाही.

सांताक्रूझला निसटलेला 'स' संतापाच्या खात्यावर टाकता येईल. तक्रार मात्र आम्ही चार दिवसांनी, शांतपणे, शुद्ध प्रमाण मराठीत लिहिली होती.