पत्त्यांच्या कारखान्यातून निघालेला मारिओ

क्योटोला जाणारा पर्यटक देवळे पाहतो, सोन्याचा मुलामा दिलेले किंकाकुजी पाहतो, बांबूच्या बनात फोटो काढतो आणि परततो. एका चर्चासत्राच्या निमित्ताने जपानला जाणे झाले, तेव्हा मीही हे सारे केले. पण एक दुपार कागियाचो या जुन्या वस्तीसाठी राखून ठेवली होती. क्योटो स्टेशनापासून चालत वीसेक मिनिटांवर, कामो नदीच्या बाजूला या अरुंद गल्ल्या आहेत. तिथे १९३० साली बांधलेली एक भारदस्त इमारत उभी आहे. दाराशी जुनी पाटी आहे आणि तिच्यावर कंपनीच्या नावासोबत 'कारुता' म्हणजे 'पत्ते' असे लिहिले आहे. जगभरच्या पोरांना मारिओच्या नादी लावणाऱ्या निंटेंडो कंपनीचे हे जुने कार्यालय. एप्रिल २०२२ पासून तिथे 'मारुफुकुरो' नावाचे अठरा खोल्यांचे हॉटेल चालते. त्याच्या नव्या भागाची रचना प्रसिद्ध वास्तुविशारद तादाओ आंदो यांची आहे. जुनी पाटी मात्र कोणी काढलेली नाही.

'कारुता' हा शब्द आपल्या शेजारच्या गोव्याशी नाते सांगतो. तो मूळचा पोर्तुगीज 'कार्ता'. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांच्या जहाजांतून पत्तेही उतरले. त्यांच्या पूर्वेकडील राज्याचा कारभार तेव्हा गोव्यातून चाले. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला गेले तेही गोव्याहून निघूनच. पुढे जपानी राज्यकर्त्यांनी जुगारामुळे या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा बंदी घातली. तेव्हा पत्ते करणाऱ्यांनी दर वेळी चित्रे बदलली. त्यातूनच 'हानाफुदा' म्हणजे फुलांचे पत्ते आले. त्यांच्यावर एकही आकडा नसतो. बारा महिन्यांची बारा फुलझाडे आणि प्रत्येकाची चार पाने, असे एकूण अठ्ठेचाळीस. जानेवारीला पाइन आणि क्रौंच, मार्चला चेरी, ऑक्टोबरला मेपल आणि हरीण. ऋतुचक्र तळहातावर मावते.

मेजी काळात बंदी सैल झाली आणि १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी क्योटोत हानाफुदा करायला सुरुवात केली. १९०२ मध्ये सरकारने पत्त्यांवर कर बसवला. हे दुकान त्यातूनही तगले आणि त्याच सुमारास तिथे पाश्चात्त्य पत्तेही होऊ लागले. त्यांच्या 'दाइतोर्यो' म्हणजे 'राष्ट्राध्यक्ष' या नावाच्या हानाफुदाच्या डबीवर चित्र आहे ते नेपोलियनचे! हा गमतीदार जोड अजूनही विकला जातो.

१९४९ मध्ये हिरोशी यामाउची या तरुणाकडे कंपनी आली. त्यांनी झटपट शिजणारा भात विकून पाहिला, टॅक्सी चालवून पाहिल्या, पण जम बसला नाही. १९६५ मध्ये यंत्रांच्या देखभालीला गुनपेई योकोई हा विद्युत अभियंता लागला. मोकळ्या वेळात त्याने लांबवर पोचून वस्तू पकडणारा एक घडीचा हात केला होता. तो मालकांनी पाहिला आणि रागावण्याऐवजी विकायला काढायला सांगितला. १९६६ चा हा 'अल्ट्रा हँड' दहा लाखांहून अधिक खपला. याच योकोईंनी १९८० मध्ये कॅल्क्युलेटरचा स्वस्त पडदा वापरून खिशात मावणारा 'गेम अँड वॉच' केला. १९८१ मध्ये शिगेरू मियामोतोंचा 'डाँकी काँग' आला आणि त्यातला उड्या मारणारा सुतार पुढे मारिओ झाला. १९८३ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायचे 'फॅमिकॉम' यंत्र आले.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात सुट्टीत घरोघरी आलेले 'टीव्ही गेम' बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन वन' लिहिलेले असे आणि पंधरा-वीस खेळांनंतर पुन्हा तेच खेळ सुरू होत. चालेना की कॅसेट काढून फुंकर मारायची. त्या डबीवर क्योटोचे नाव कुठेच नव्हते. त्यामुळे या खेळांचा आजा पत्त्यांचा जोड आहे, हे आमच्या पिढीला कळायचे काहीच कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजीला गेलो. गाव चहासाठी आणि ब्योदोइन मंदिरासाठी प्रसिद्ध. इथल्या ओगुरा भागात १९६९ चा कारखाना आहे. तिथे पूर्वी पत्ते होत. २ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचे संग्रहालय झाले आहे. दारात जाऊन तिकीट मिळत नाही, आधी अर्ज करून सोडतीत नाव यावे लागते. आत गेल्यावर दहा नाणी तुमच्या खात्यावर असतात. ती जपून खर्चायची आणि जुने-नवे खेळ खेळायचे. मला सर्वांत आवडला तो हानाफुदाचा वर्ग. टेबलावर पत्ते मांडले की वरून पडणाऱ्या प्रकाशातून कोणते पान कशाशी जुळते ते दिसते. शेजारी एक आजी नातवासोबत बसल्या होत्या. प्रकाश पडायच्या आधीच त्या पान उचलत होत्या आणि नातू वैतागत होता.

मला तिथे सावंतवाडी आठवली. आंबोलीचा घाट उतरला की आपण तिथे पोचतो. तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफात गोल आकाराची १२० पाने, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. डावाची सुरुवात दिवसा रामाकडून आणि रात्री कृष्णाकडून. राजाश्रय ओसरल्यावर कला बुडत चालली होती, तेव्हा १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती सावरली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण आज हा जोड घेणारे बहुतेक लोक तो भिंतीवर लावायला घेतात. डाव कसा मांडायचा, हे विचारणारा क्वचित भेटतो.

तुलना सरसकट करता येणार नाही. क्योटोचे पत्ते यंत्रावर हजारोंनी निघत आणि जुगाराच्या अड्ड्यांवर खपत. सावंतवाडीचे एकेक पान कुंचल्याने रंगते आणि त्याची किंमतही तशीच असते. तरी एक गोष्ट आपण घेऊ शकतो. खेळ जपायचा तर चित्रकाराइतकाच खेळगडीही जपावा लागतो. गंजिफाचे नियम सोप्या मराठीत छापून प्रत्येक जोडात घालता येतील. जाड पुठ्ठ्यावर छापलेला स्वस्त जोड शाळांत देता येईल. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात यंदा गंजिफाची एक फेरी ठेवावी, असे मी सुचवले आहे. पहिला प्रश्न आला तो असा, 'सर, शिकवणार कोण?' वाचकांपैकी कुणाच्या घरी आजी-आजोबांना हा डाव येत असेल, तर त्यांच्याकडून तो आताच लिहून घ्या.