साठ पत्त्यांचा कॅट

पत्ते म्हटले की आपल्या मायबहिणींना जुगारच आठवतो. पण १९९६ साली जपानमध्ये निघालेला पोकेमॉनचा खेळ वाशिमच्या आमच्या वस्तीतली पोरे पैसे न लावता खेळतात. प्रत्येकाचा कॅट साठ पत्त्यांचा. साधे ऊर्जेचे पत्ते सोडले तर एका नावाचे चारच. नियम सर्वांना सारखा, पाकिटे मात्र ज्याच्या बापाला परवडतील त्याला!

परवा ठेकेदाराच्या मुलाने भारी पत्त्यांनी धडाधड मारा केला. हवा तो पत्ता लवकर यावा म्हणून तो कॅट उपसत होता. हमालाच्या पोरीने अदलाबदलीत जमवलेल्या पत्त्यांनी नुसत्या जखमा भरल्या. त्याची सहापैकी पाच बक्षिसे झाली आणि कॅट संपला. पाळीच्या सुरुवातीला पत्ता उचलता आला नाही की हार.

"हिने मारले कुठे?" तो आम्हालाच विचारू लागला. आम्ही म्हटले, नियम वाच. पोरगी तोवर आपले साठ पत्ते मोजत होती.