तुझी पाथरी नेमकी कुठंय?

"पाथरी? म्हणजे पाथर्डी का?"

नाही हो! पाथर्डी नगर जिल्ह्यात, आमची पाथरी परभणीत. पुण्यात आल्यापासून हे वाक्य इतक्यांदा बोललेय, की व्हिजिटिंग कार्डावरच छापून घ्यावं. गावात रेल्वे नाही. मानवत रोडला उतरायचं (आणि हे स्टेशन मानवत गावातही नाही), पुढे एसटी. रस्त्याने आलात तर कल्याण-निर्मल हायवे माजलगाव सोडल्यावर गोदावरी ओलांडतो आणि तुम्ही आमच्या तालुक्यात येता. दक्षिणेला नदी, उत्तरेला सेलू, पूर्वेला मानवत. मध्ये काळी माती, कापूस.

आणि कालवा. पैठणहून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा, लांबी २०८ किलोमीटर. यंदा ऊस लावायचा की नाही, हे पप्पा त्याच्या भरवशावर ठरवतात. गंमत म्हणजे पाथरीत धो धो पडून धरण भरत नाही. नाशिक-नगरला पडायला हवं, आधी तिकडची धरणं भरायला हवीत, मग पाणी पैठणला. म्हणून पप्पा फोनवर पुण्याच्या पावसाचं विचारतच नाहीत. "नाशिककडं पाऊस हाय का गं? नेटवर बघ बरं."

आता माझी हॉस्टेलपासूनची रूममेट. कोपरगावची. म्हणजे त्याच गोदावरीच्या काठची, पण वरच्या अंगाची. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला १०० कोटी जाहीर केले आणि १९ तारखेला शिर्डी बंद! शिर्डी तिच्या घराजवळच. तेव्हा तिनं माझ्या कपाटावर 'जन्मस्थान' अशी चिठ्ठी चिकटवली. खूप हसलो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मात्र हसू आलं नाही. पाऊस कमी झालेला, आणि समन्यायी वाटपाच्या नियमानं वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं ठरलं. एका सोफ्यावर ती, तिच्या भावाचा फोन : उभा ऊस जगवायचा कसा? दुसऱ्यावर मी, पप्पांचा फोन : सुटलं का पाणी?

"तुमच्या गावाजवळून नदी जाते ना? मग आमचं कशाला नेता?" ती म्हणाली.

"ती नदी एकदा येऊन बघ."

दोन दिवस चहा वेगवेगळा झाला.

पुढच्या मे महिन्यात ती खरंच आली. पुलावर गाडी थांबवायला लावली आणि कठड्यावरून खाली बघत राहिली. वाळू, दगड, कडेला हिरवट डबकं.

"आमच्याकडं पण मेमध्ये अशीच असते," ती म्हणाली.