'रिकामा' डबा

आग विझवायचं नळकांडं, स्वतःहून फुगणारं लाइफ जॅकेट आणि गाडीतली एअरबॅग, ह्या तिघांत सारखं काय? तिन्ही जीव वाचवतात, हे झालं सोपं उत्तर. दुसरं उत्तर मला अमेरिकेत नोकरीला लागल्यावर कळलं. खोक्यात घालून पाठवायला गेलं की ही तिन्ही 'धोकादायक माल' ठरतात!

आमची कंपनी कारखान्यांना सुरक्षेचं सामान पुरवते. माझं काम डिझाइनचं, पण माल बाहेर जाताना कागदांवर माझीही सही लागते. म्हणून दर तीन वर्षांनी आम्हाला वर्गात बसवून परीक्षा घेतात. घोकंपट्टीची सवय आपल्याला असतेच, ती इथे कामी येते.

प्रत्येक वस्तूला संयुक्त राष्ट्रांचा एक चार आकडी नंबर असतो. अग्निशामक नळकांडं १०४४. त्यात दाबाखाली वायू असतो, म्हणून त्याला हिरवं चौकोनी लेबल, कोपऱ्यावर उभं केलेलं, प्रत्येक बाजू १०० मिलिमीटर. फुगणारी जीवरक्षक साधनं २९९०. एअरबॅग ३२६८, तिला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं नवव्या वर्गाचं लेबल. गंमत म्हणजे तीच एअरबॅग गाडीत बसवलेली असली की लेबल लागत नाही. सुटी निघाली की लागतं.

पहिल्यांदा हे सगळं मला सरकारी बाबूगिरी वाटलं होतं. मग प्रशिक्षणात ११ मे १९९६ ची गोष्ट ऐकली.

विमानात डोक्यावरून ऑक्सिजनचे मुखवटे खाली येतात ना, त्यांच्यामागे बऱ्याच विमानांत एक छोटा डबा असतो. आत सोडियम क्लोरेट. दोरी ओढली की पिन निघते, ठिणगी पडते आणि क्लोरेट तापून ऑक्सिजन सोडू लागतं. त्या वेळी डब्याचं बाहेरचं कवचसुद्धा अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास तापतं. मायामीत जुन्या विमानांतून असे मुदत संपलेले डबे काढले गेले. ठिणगीच्या जागी बसवायची प्लॅस्टिकची टोपणं काही बसवली नाहीत. डबे पुठ्ठ्याच्या पाच खोक्यांत भरले आणि कागदावर लिहिलं, 'ऑक्सिजनचे डबे, रिकामे'.

मुदत संपली म्हणजे डबा रिकामा झाला असं नव्हे. बरेचसे डबे भरलेले होते. ती खोकी व्हॅल्यूजेटच्या ५९२ क्रमांकाच्या विमानात, प्रवाशांच्या पायाखालच्या मालकप्प्यात चढली. मायामीहून अटलांटाला निघालेलं विमान दहाएक मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली, एकही वाचलं नाही. आग लागायला एक डबा पुरे होता, आणि तिला ऑक्सिजन पुरवायला बाकीचे होतेच. ह्यानंतर असे डबे प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला अमेरिकेत बंदी आली.

एक शब्द. 'रिकामे'. लिहिणाऱ्याने मुद्दाम खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही. त्याला ते खरंच वाटलं असेल, आणि पुढच्या प्रत्येकाने त्याच्यावर विश्वास ठेवला.

लेबल म्हणजे तरी काय? ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्याला लिहिलेली चिठ्ठी. हायवेवर ट्रक उलटला की इथला अग्निशमन दलाचा माणूस नारिंगी पुस्तकात तो चार आकडी नंबर काढून बघतो. पाणी मारायचं की लांब पळायचं, हे त्याला त्यावरून ठरवायचं असतं. मुंबई-पुणे रस्त्यावर टँकरच्या पाठीवर आकड्यांची पाटी तुम्ही पाहिली असेल, तीही त्याच जातीची. पुढच्या वेळी ओव्हरटेक करताना तिच्याकडे जरा आदराने बघा.

आमच्या शिपिंगमधला एक म्हातारा गडी नवीन पोरांना एकच सांगतो, "खोक्यात काय आहे ते ठाऊक नसेल, तर 'रिकामं' लिहू नकोस. उघडून बघ."

मला वाटतं, नियमांचं सगळं जाडजूड पुस्तक ह्या दोन वाक्यांत मावतं.